मंगळवारी दुपारी तालमीचं दार

अन्याय माझ्या थोरल्या भावावर झाला. दारूबंदी आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, दसरा उलटल्यावरच्या पहिल्या मंगळवारी, भर दुपारी, कोल्हापुरातल्या एका तालमीच्या दारात. त्या दिवशी तो प्यालेला नव्हता. हे आधीच लिहिते, कारण तेवढं कुणी विचारतच नाही.

आम्ही हुपरीचे. दादा पैंजणांना घुंगरं जोडायचा. त्या वर्षी त्याचा हात थरथरू लागला आणि काम दुसऱ्याकडं जाऊ लागलं. दारूबंदीनं दारू संपली नव्हती, ओढ्याकाठच्या हातभट्टीत गेली होती. तिथं पिंपात काय पडतं ते पाडणाऱ्यालाही ठाऊक नसावं. आमच्या आळीतल्या एकाचे डोळे त्या दारूनं गेले. तो दिवसभर ओट्यावर उन्हात बसायचा. दादाची पावलं ओळखून म्हणायचा, "ये की. जागा हाय." दादा उत्तर न देता पुढं जायचा.

भिंतीभिंतीवर सरकारी पत्रकं होती, आम्हा बायकांच्या दारूबंदी मंडळाचीही होती. सगळ्यांवर एकच हुकूम: सोडा. सोडलेल्या माणसानं पुढं कुठं जायचं, हे एकावरही नव्हतं. गावात देवासमोर बेलभंडारा उचलून दारू सोडायची शपथ घ्यायला लावायचे. दादानं उचलला, शपथ मोडली, आणि देव कोपणार या भीतीनं आणखी प्याला.

मग एसटीत कुणी बोलताना ऐकलं, की कोल्हापुरात सोडलेली माणसं आठवड्याला एकत्र जमतात. कुठं, ते कळलं नाही. मी दादाला घेऊन शाहूपुरीत उतरले आणि दुकानादुकानात विचारत सुटले. थरथरता माणूस बरोबर बघून पहिला दुकानदार हळूच म्हणाला, "वखारीच्या मागं जावा. पण बाईमाणसानं जाऊ नये." तो गुत्त्याचा पत्ता होता. दुसऱ्यानंही तोच दिला.

दादा हसला. "बघ, पाजायला सगळं शहर तयार हाय."

एका टांगेवाल्यानं हे ऐकलं. तो म्हणाला, "सोडल्याली बसत न्हाईत, आक्का. खणत्यात. आज मंगळवार, खणायचाच दिस हाय. बसा टांग्यात."

त्यानं नेलं ते एका तालमीत. तालमीचा उंबरा बाई ओलांडत नाही, म्हणून मी बाहेर पायरीवर थांबले. दारात वस्ताद उभे होते. त्यांनी दादाला जवळून बघितलं.

"पावणं, कालची का आजची?"

"कालची."

"मग फावडं घ्या."

जेवून पैलवान झोपले, की हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, लाल माती खणून भुसभुशीत करायची असते. मंगळवारी हे काम दारू सोडलेली माणसं करायची. माना खाली, हात चालू, कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. म्हणून बोलता येतं. भिंतीआडून मला फावडी ऐकू यायची आणि मधूनमधून माणसं.

"काल गुत्त्याच्या तोंडापातूर गेलतो."

"मग?"

"मग मंगळवार आठवला."

"आठवणारच की. खणायला आमी, आन् तू तिकडं मजा मारतोस व्हय?" हा टांगेवाला; तोही सोडलेल्यांतलाच. आत हसू झालं. दादाचंही त्यात होतं. घरी ते मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

शपथ कुणी घालत नव्हतं. वस्ताद एवढंच म्हणायचे, "फुडच्या मंगळवारी या." दादा जात राहिला. हाताची थरथर थांबली. दसऱ्याला वहिनीच्या पैंजणांना त्यानं स्वतः घुंगरं जोडली.

पण एक हवालदार दिसू लागला होता. आधी समोरच्या पानपट्टीशी. मग रस्त्याच्या अलीकडं, लिंबाखाली. बोलायचा नाही, आत जाणारे डोळ्यांनी टिपायचा. दसऱ्यानंतर तो पायरीशी येऊन उभा राहिला.

"आत काय चालतं?"

"माती खणतात," मी म्हणाले.

"दारुडी मानसं आन् माती? काय पुरलंय तितं?"

हातभट्टीवाले मडकी जमिनीत पुरतात, म्हणून जिथं दारुडा खणतो तिथं मडकं असणारच. एवढंच त्याला सुचलं. शिट्टी झाली, आणखी शिपाई आले, आणि बूट न काढता सगळे हौद्यात उतरले. ज्या मातीला पैलवान आधी हात लावून नमस्कार करतो, ती त्यांनी बुटांनी उकरली. सापडलं काहीच नाही. मग त्यांनी दादाचं तोंड हुंगलं. वास नव्हता.

"मागं पकडलाय ह्याला," हवालदार म्हणाला. "चल. आज प्याला न्हाईस, उद्या पिशीलच की."

संध्याकाळी दादाला चौकीतून सोडलं. तोवर तालमीला कुलूप होतं. वस्ताद माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, माती बाटली. तालमीचं पंच म्हणत्यात, ह्यांस्नी परत घेऊ नगा. माझ्या हातात न्हाय."

त्यानंतरच्या मंगळवारी दादानं धुतलेला सदरा घातला आणि दुपारी घराच्या दारात येऊन बसला. जायला जागा नव्हती. बराच वेळ हात मांडीखाली दाबून बसला, मग उठून आळीत गेला. ओट्यावरून हाक आली, "ये की. जागा हाय."

दादा थांबला. म्हणाला, "बघतो."

त्यानं उत्तर दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्या रात्री तो पिऊन आला नाही. पुढच्या रात्रीचं मला सांगता येत नाही.

तुमच्या पेठेत तालीम आहे. तिची किल्ली कुणाकडं असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज त्याच्या घरी जा. येत्या मंगळवारी दुपारी दार उघडायला लावा, चार फावडी बाहेर काढून ठेवा, आणि हवालदार आला तर पायरीवर तुम्ही उभे राहा.