उंछवृत्तीला निघालो तेव्हा

आमचा वृद्धाश्रम बंद करायचा, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या आम्हा मराठी कुटुंबांनी तो उभा केला तेव्हा ठेवींच्या व्याजावर सगळं सुखात चाले. पुढे देणारे एकेक करून गेले, त्यांची मुलं परदेशी स्थायिक झाली, व्याजाचे दर उतरले आणि पगारांसाठी आम्ही ठेवीच मोडू लागलो. शेवटी नर्सही सोडून गेली. मी खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेला. पण कुणाच्या दारात जाऊन मागायला जीभ रेटेना. आश्रमातल्या वृद्धांना कळू न देता मी त्यांच्या घरच्यांना फोन करू लागलो, की आपलं माणूस घेऊन जा.

एका मुलाने ते आईच्या कानावर घातलं. त्या आई म्हणजे सुंदराक्का, आश्रमात सर्वांत वयस्क. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जालं ते जालं, अण्णा. उंछवृत्तीला जाऊंया. माझे वडील भजन म्हणत घरोघरून तांदूळ आणायचे. त्यात लाज कसली?"

लाज मला होती. जवळच्याच गोविंदपुरमला विठोबाचं दर्शन घेऊन आम्ही निघालो. आश्रमातले चालू शकणारे चौघे टाळ वाजवत पुढे, मी मागे, तांब्या उपरण्याखाली झाकून. ओळखीचं कुणी भेटू नये, एवढंच देवाकडे मागत होतो.

एका दारात अनोळखी बाईंनी तांब्यात तांदूळ घातले आणि रीतीप्रमाणे वाकून माझ्या पायांना हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नको अम्मा," मी तमिळमध्ये म्हणालो, "ह्याच माणसांना मी घराबाहेर काढायला निघालो होतो." तोंडून कसं गेलं, कळलं नाही. टाळ थांबले.

"का?" त्यांनी विचारलं.

"यांचं करायला नर्स नाही. ठेवावी तर पगार द्यायला पैसा नाही."

त्या म्हणाल्या, "मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. सासूबाई गेल्यापासून घरात ज्याचं करावं असं कुणी उरलं नाही. बसभाडं द्या. उद्यापासून येते."

आणि त्या आल्या. मी वृद्धांच्या घरच्यांना पुन्हा फोन केले, क्षमा मागितली, मदतही मागितली. काहींनी दिली, काहींनी फोन ठेवून दिला. आजही महिनाअखेर ओढाताण होते, पण कुणाला घर सोडावं लागलं नाही. कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. आश्रम मी चालवतो असं समजत होतो, म्हणून तो मोडायचा हक्कही माझाच वाटला होता. आता दारोदार हात पसरताना काही वाटत नाही. त्या पहिल्या फोनांची लाज मात्र जात नाही. ती पांडुरंगाने माझ्यापाशीच राहू द्यावी.