डॉक्टरांनी नाव विचारलं

मालकांना हल्ली विसरायला होतं, म्हणून आमचा मुलगा त्यांना घोडेगावच्या गुरांच्या बाजाराला एकटं जाऊ देईना. डॉक्टर हो म्हणाले तरच जा, म्हणाला. मीही दवाखान्यात सोबत गेले.

“बाबा, बायकोचं नाव काय?” डॉक्टरांनी विचारलं.

मालक लग्नापासून मला नुसतं “अगं ए” म्हणतात.

“म्हशींची सांगू का?” म्हणाले, आणि मेलेल्या म्हशींसकट सगळी नावं घडाघडा सांगितली.

“आजी, यांचं नाव?”

मी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं?

डॉक्टर हसले. “बाजाराला जा. पण रोज सकाळी एकमेकांना नावानं हाक मारा.”

बाजाराच्या दिवशी मालकांनी दारातून माझ्या नावानं हाक मारली. शेजारीण धावत आली, “काय झालं गं? कोण पडलं?”