सहा वायरी आणि आईची ओटी

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण त्याच्या भरवशावर मी कधी काही सोडलं नाही. शाळेच्या कार्यालयात इतकी वर्षं काढल्यामुळे असेल, कामाची यादी करायची आणि झालं की पुढे खूण करायची, ही सवय अंगात मुरलेली. गेल्या जत्रेच्या सकाळी माझ्या वहीत एकसष्ट कामांपुढे खुणा होत्या आणि बाबांची गाडी काही केल्या सुरू होत नव्हती. आई नवं लुगडं नेसून पडवीत तयार बसली होती.

ही गाडी बाबांनी गोव्यातून आणलेली. सहा सिलिंडरची, लांब नाकाची. आमच्याकडे ती शोभेला कधीच नव्हती. तिच्यातून आचऱ्याला पाहुणे जात, मालवणात बाळंतिणी जात, कधी नुसते नारळ जात. आंबोलीचा घाट चढतानासुद्धा तिचा आवाज बदलत नसे, याचा बाबांना फार अभिमान. दर जत्रेला पुढच्या लांब सीटवर बाबांच्या शेजारी आई, मांडीवर ओटीचं ताट, आणि मागे मी. असे आम्ही आचऱ्यापलीकडे तिच्या माहेरच्या देवीला जायचो. बाबा गेले आणि गाडी घराशेजारच्या मांगरात, लाकूडफाट्याच्या शेडमध्ये गेली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या.

पाचेक वर्षांपूर्वी मी ती छंद म्हणून उघडली. दर रविवारी एक तास, असं ठरवलं होतं. तो एक तास कधी एक राहिला नाही. खाऱ्या हवेने खाल्लेला पत्रा कापून नवा जोडला, ब्रेक बदलले, इंजिन पूर्ण उतरवून पुन्हा बांधलं. मग आई पडली. खुब्याचं हाड जुळलं, पण गुडघा पुरता वाकेना. आताच्या गाड्यांत तिला बसवता येईना, दोन जत्रा चुकल्या. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणाली, देवीकडे आजारी म्हणून जायचं नाही. तेव्हा मला बाबांच्या गाडीचा रुंद दरवाजा आठवला. पुढची सीट कापून तिची अर्धी बाजू बाहेर वळेल अशी करून घेतली. आई बसली, पाय लांब केला, मी सीट आत वळवली. छंद तिथेच संपला. आता मला तिला पोचवायचं होतं.

शेवटचा भाग आदल्या रात्री बसला, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच सुरू करताना इंजिन नुसतं खोकत होतं. प्लग, पेट्रोल, बॅटरी, सगळं पुन्हा तपासलं. प्लगच्या सहा वायरी मी तीनदा काढून लावल्या. ज्या टोपीतून त्या निघतात, तिच्यावर बाबांनी स्वतःच्या हाताने आकडे कोरले होते, त्याप्रमाणेच लावल्या. दहा वाजून गेले. शेवटी मी पडवीत जाऊन आईला म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की जाऊ.

ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या वर्साची हमी तुझ्या वहीत लिवलेली आसा काय गो?"

 गाडीशी परत आले आणि बॉनेटला टेकून उभी राहिले. आता माझ्याने होत नाही, एवढंच मनात म्हटलं. त्याला प्रार्थना म्हणावं की नाही, कोण जाणे.

बेड्याशी, अंगणाच्या फाटकापाशी, एक म्हातारे गृहस्थ उभे होते. गळ्यात क्रूस, हातात छत्री. शेजारच्या वाडीत पाहुणे म्हणून आलो होतो आणि आवाज ऐकून थांबलो, म्हणाले. आयुष्य गॅरेजात गेलेलं. मला पुन्हा स्टार्टर मारायला लावला. इंजिनने कार्बोरेटरमधून फटकन हवा फेकली.

"शिंकता मगे," ते हसून म्हणाले. "शिंकता म्हणजे जीव आसा. बाय, एक नंबर खंयसून मोजलंस?"

रेडिएटरकडून, मी म्हटलं. पुस्तकात तसंच आहे.

"पुस्तकात तसाच. पण हे आकडे कोरणाऱ्यानी खंयसून मोजले?"

आकडे बाबांचे, मी म्हटलं. बाबा जाऊन वीस वर्षं झाली होती.

"देवीकडसून," आई पडवीतून म्हणाली. "तेंचो पयलो नंबर देवीचो."

डॅशबोर्डच्या मधोमध देवीचा फोटो असायचा. इंजिनाचं तिच्या बाजूचं टोक बाबांचं पहिलं. म्हणजे पुस्तकातला शेवटचा सिलिंडर. मी उलट टोकाने मोजून प्रत्येक ठिणगी नको त्या वेळी पाठवत होते. सहाही वायरी फिरवल्या. इंजिन एकदा थरथरलं आणि बाबांच्या वेळचा तो सलग, जाड आवाज मांगरभर पसरला. आईने डोळ्यांना पदर लावला. गृहस्थ छत्री उघडून निघाले होते. त्यांचं नावही मी विचारलं नाही.

हा चमत्कार होता असं मी कोणाला सांगत नाही. मला हवं असलेलं उत्तर दहा पावलांवर आईपाशी होतं. ते विचारायला मात्र एक अनोळखी माणूस यावा लागला, आणि तोही मी हात टेकल्यावर.

देवळात गावकऱ्यांनी आईला खुर्चीतून वर नेलं. तिने स्वतःच्या हाताने ओटी भरली. गुरव देवीपुढे आमच्या वतीने गाऱ्हाणं घालायला उभा राहिला आणि त्याने विचारलं, काय मागायचं. आईचा गुडघा, तिचं आयुष्य, माझ्याकडे पुष्कळ होतं.

"काय मागूचा नाय," आई म्हणाली. "तिका बघूक इलंय."

गुरवाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि तिच्या शेजारी नुसते हात जोडून उभी राहिले.