खालचा थर, वरचा थर

लेकीच्या वयाच्या पोरांत बसून रसायनशास्त्राची पदवी घ्यायला निघालेल्या बाईला वर्ग काय म्हणणार? काकूच. लेखी पेपर काकूंनी झोकात सोडवले, घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात. मागच्या खेपेला, द्रवांचे थर वेगळे करायच्या तोटीवाल्या नरसाळ्यातला खालचा थर त्यांनी ‘नुसतं पाणी तर आहे’ म्हणून बेसिनमध्ये ओतला, आणि शोधायचं आम्ल नेमकं त्याच पाण्यात होतं. आता ही शेवटची संधी. हुकली की पदवीला कायमच्या मुकल्या.

वर्षभर काकूंनी एकच घोकलं: खालचं ते पाणी, ते जपायचं. भाजी चिरताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. लेकीने कानांत बोटं घातली.

परीक्षेत मिश्रण मिळालं ते एका आम्लाचं आणि डांबरगोळीचं, दोन्ही पाण्यात न मिसळणाऱ्या एकाच द्रावकात विरघळलेली. काकूंनी त्यात सोड्याचं पाणी घातलं, नरसाळं हलवलं, तोटी उघडून कोंडलेली हवा सोडली. सोड्यामुळे आम्ल पाण्यात उतरतं, डांबरगोळी द्रावकातच राहते. मग त्या पाण्यात तीव्र ॲसिड घातलं की आपलं आम्ल पांढरं होऊन बाहेर पडतं. एवढं सगळं काकूंना तोंडपाठ होतं. दोन थर वेगळे झाले, दोन्ही सारखेच नितळ. खालचा त्यांनी काचेच्या पात्रात उतरवला आणि ॲसिडचे थेंब सोडले.

काहीच झालं नाही. आणखी सोडले, तरी पांढरं म्हणून काही दिसेना.  घरी कोणत्या तोंडाने जायचं, हेसुद्धा मनात येऊन गेलं.

मग त्यांनी पात्र डोळ्यांसमोर धरलं. ॲसिडचे थेंब मिसळलेच नव्हते, वर तरंगत बसले होते. पाण्यात मिसळणारं ॲसिड इथे वेगळं राहतंय, म्हणजे हे पाणी नव्हेच. यंदा द्रावकच पाण्याहून जड दिलं होतं आणि काकूंचं वर्षभराचं घोकणं उलटं पडलं होतं.

वरचा थर अजून नरसाळ्यातच होता. त्यात ॲसिड घालताच आधी फसफसलं आणि मग पांढरंशुभ्र आम्ल असं दाटून आलं की काकूंना हसू आवरेना. गाळून, वाळवून, वितळणबिंदू काढला, तोही बरोबर आला.

परीक्षकांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी विचारलं, “आधी खालचा थर का घेतलात?”

“पाठ केलं होतं म्हणून.”

“आणि मग वरचा?”

“बघितलं म्हणून,” काकू म्हणाल्या, आणि पास झाल्या.