सायन्सच्या सरांची दुपारची वीज

मे महिन्यात सगळं बऱ्हाणपूर दारं लोटून बसलेलं असायचं, तेव्हा आमच्या शनवाऱ्याच्या गल्लीत एकच माणूस ऊन वाढलं म्हणून खूश व्हायचा. ते सायन्सचे सर. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण त्यांना नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

कोळशाच्या धुरावर कर बसवावा आणि तो पैसा सूर्याच्या विजेला द्यावा, हे सरांचं ठाम मत. "धूर फुकट आहे, म्हणूनच तो इतका आहे," असं ते लग्नाच्या पंगतीतही समजावून सांगायचे. वाढपी जिलबी घेऊन ताटकळत उभा. पुढे छतावरच्या सोलर पॅनलला सरकारी अनुदान मिळू लागलं, तेव्हा सरांना वाटलं, सरकारने अखेर आपलं ऐकलं. गल्लीतला पहिला अर्ज त्यांचाच.

पॅनल बसले, सरकारी लाइनला जोडलेही गेले. फक्त बाहेर गेलेली वीज बिलातून वजा करणारं नेट मीटर तेवढं यायचं होतं. जुनं मीटर भोळं. वीज घरात येवो की घरातून जावो, ते वापर म्हणूनच मोजायचं. त्यामुळे जितकं ऊन कडक, तितकं सरांचं बिल मोठं. सरांनी वीज कार्यालयात जाऊन, फळ्याशिवाय जमेल तेवढं समजावलं. तिथल्या बाबूने सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे सांगितलं, "सर, आपका सूरज हमारे सिस्टम में नहीं है."

सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, मीटर येईपर्यंत पॅनल बंद ठेवा. त्यावर सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना उपाय सुचला. वीज बाहेर जाऊच द्यायची नाही. दुपारी सगळी घरातच संपवायची. पण दोन माणसं वापरून वापरणार किती? मग सर भर उन्हात दारोदार आले आणि दुपारची विजेची कामं आमच्याकडे आणा म्हणाले.

माझी आई मिक्सर घेऊन गेली. शेजारच्या वहिनी मिरच्या घेऊन आल्या, कोपऱ्यावरचे टेलर इस्त्री घेऊन. महिन्याभरात सरांच्या ओसरीवर बसायला जागा उरली नाही. ठसका लागत असतानाही सर प्रत्येकीला धुरावरच्या कराचं महत्त्व सांगत. पळून जाणार कुठे? मिरच्या अर्ध्या दळलेल्या असायच्या.

बिल एकदम उतरलं. इतके दिवस सरांचे अर्ज न वाचणाऱ्या कार्यालयाला ते लगेच दिसलं. वीजचोरीच्या संशयाने तपासणीला एक साहेब आले. त्यांनी वायरी पाहिल्या, काकूंच्या हातचं पन्हं घेतलं, स्वतःचा फोन चार्जिंगला लावला आणि अहवालात लिहिलं की ग्राहकाचे नातेवाईक फार आहेत.

पावसाळा संपता संपता नेट मीटर आलं. आता बाहेर गेलेलं प्रत्येक युनिट सरांच्या नावावर जमा होणार होतं. गल्लीला हे कळलं आणि शहाण्या माणसांसारखं सगळ्यांनी जाणं बंद केलं. सरांचं नुकसान कशाला करायचं?

आठवड्याने सर आमच्याकडे आले. पंख्याखाली बसले. मीटर बरोबर चालतंय ना, असं आईने विचारलं.

"अगदी बरोबर चालतंय," सर म्हणाले. "आधी तुम्ही आलात की माझा फायदा व्हायचा, आता तोटा होतो. हिशेब मला कळतो, वहिनी. तरी या."

दुसऱ्या दिवशी आई गेली. हळूहळू बाकीच्याही गेल्या.

दोन वर्षांनी सर गेले. पॅनल काकूंच्या नावावर करायला कार्यालयाने मूळ अर्जदाराला सहीसाठी समक्ष बोलावलं. तो कागद काकूंनी घडी घालून फडताळात ठेवला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, त्यांनी ओसरीचं दार उघडलं आणि सतरंजी अंथरली. आई मिक्सर घेऊन निघाली. दळायला काय नेतेस, असं मी विचारलं. काहीच नाही, म्हणाली, आणि उन्हातून पलीकडे गेली.