पाय नको, फडका घे

बाबांच्या पाया पडायला कुणी वाकलं, की ते पाय आखडून घ्यायचे आणि वाकलेल्या माणसाच्या हातात ओलं फडकं ठेवायचे. "पाय नको, फडका घे." मग दाराकडं बोट. आत जेवायला बसलेल्यांच्या चपला पुसायच्या, मगच काय ते बोलायचं. आमच्या ढोकीत पाया पडून घेणारे पुष्कळ झाले. स्वतःच्या पायांवर असा पहारा ठेवणारा हा एकच.

कारखान्याच्या रस्त्याला पत्र्याचा छोटा गुरुद्वारा आहे, बाबा तिथले ग्रंथी, म्हणजे ग्रंथसाहेब वाचणारे. नांदेडकडून पन्नाशीत आले आणि इथंच म्हातारे झाले. पहाटे पाठ, मग दिवसभर लंगरची चूल. हंगामात ऊसतोडीची माणसं तिथं पोटभर जेवायची. त्यांच्याकडूनच बाबा मराठी शिकले, त्यामुळं 'तुम्ही' त्यांना कधी आलंच नाही. लहानथोर सगळ्यांना 'तू'. कुणी महाराज म्हटलं की भडकायचे. "महाराज आत. ग्रंथसाहेब. मी झाडूवाला."

एकदा गावातले पुढारी आले, कडक इस्त्रीत, मागं पाच-सहा जण. वाकले आणि हातात फडकं आलं. त्यांनी हसत ते ड्रायव्हरकडं दिलं. बाबांनी ड्रायव्हरकडून काढून पुन्हा त्यांच्याच हातात ठेवलं आणि म्हणाले, ह्याचा नंबर नंतर, आधी तुझा. पुढाऱ्यांनी मुकाट दोन चपला पुसल्या. मी समोरच बसलो होतो. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

समोर होतो, कारण माझी बसायची जागाच ती. मी पिढीजात जोडे शिवणारा. पेटी घेऊन गुरुद्वाऱ्याच्या दाराशी बसू लागलो, त्या पहिल्याच दिवशी बाबांनी जेवायला आत बोलावलं. मी म्हणालो, आम्ही जोडेवाले, ताट इथंच द्या. जन्मभर तसंच खाल्लं होतं, ओसरीच्या खाली बसून, वरून वाढलेलं. बाबा माझ्या शेजारी मातीत बसले.

"मीपण जोडेवाला," ते म्हणाले. "तू आत जा. तुझी पेटी मी बघतो."

पंगतीत एका बाजूला मुरुम गावचा व्यापारी, दुसऱ्या बाजूला ट्रकवाला. मी जेवू लागलो. डोळ्यांतलं पाणी डाळीत पडत होतं आणि बाहेर बाबा माझ्या पेटीशी बसून लोकांच्या चपला पुसत होते.

त्यांच्या पायात एकच जोड असायचा, टायरच्या तळाचा, माझ्या हातचा. अंगठा तुटला की आणायचे. नवा करतो म्हटलं तर ऐकायचे नाहीत. शेवटच्या दुखण्यात मला जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता.

"मी गेलो की हे लोक मला देव करतील," म्हणाले. "करू देऊ नको. चप्पल ज्याच्या पायाला बसंल त्याला दे."

मी व्हय म्हणालो.

आणि झालं तसंच. बाबा गेले आणि लंगरच्या शेडमध्ये सगळं गाव जमलं. पुढाऱ्यांनी जाहीर केलं की इथं बाबांचं पादुका मंदिर होणार. माझ्या हातच्या त्या चपला लाल कापडावर, चांदीच्या तबकात, वर हार. बाया कुंकू घेऊन उभ्या. इथल्या चार शीख घरांना हे अजिबात पटत नव्हतं, पण गावाशी वाकडं कोण घेणार? मी घेतलं. उठलो, हार बाजूला केला आणि चपला उचलल्या.

मागून कुणीतरी बोललंच, "अरारा, पादुकांना ह्याचा हात लागला."

"तीन वेळा अंगठा शिवलाय मी हिचा," मी म्हणालो. "हात माझाच लागलाय हिला. पादुका न्हायत ह्या. चपला हायेत."

दारात गेलो आणि शंभरेक जोड्यांच्या रांगेत त्या मिसळून टाकल्या. पुढारी ओरडले. दोघं-तिघं माझ्या अंगावर धावून आले. मी फडकं घेतलं आणि दारातच बसून रांगेतल्या चपला पुसायला लागलो. मला तिथनं उठवायचं म्हणजे बाबांच्या जागेवरून उठवायचं. तेवढा धीर कुणाला झाला नाही. तेवढ्यात पंगत बसली, मग जेवून माणसं उठली, घाईत चपला घालून गेली. शेवटी रांगेत एकच जोड उरला, तारेनं बांधलेला, फाटका. बाबांच्या चपला गेल्या होत्या. पुढाऱ्यांनी पोरं चौफेर पिटाळली, काही उपयोग झाला नाही. मंदिर राहूनच गेलं.

पुढच्या हंगामात एक ऊसतोडीवाला माझ्यासमोर उभा राहिला. मी माणसाच्या तोंडाआधी पाय बघतो. अंगठा पुन्हा तुटला होता.

"जुन्या हायेत," तो ओशाळून म्हणाला, "पण लई चालतात."

कुठल्या, कधीच्या, मी काही विचारलं नाही. चौथ्यांदा अंगठा शिवला. मग फडकं ओलं केलं, दोन्ही चपला नीट पुसल्या आणि त्याच्या पायात घातल्या.