उतरलेल्या सेलवरची आई

सुरतेतल्या उधन्याच्या त्या खोलीला एकच दार होतं आणि ते कापड विणायच्या लूमच्या शेडकडं उघडायचं. नवरा तिथंच बारा तास कामाला. मी नुसती दारात आले तरी त्याला दिसायची. लग्नाला चार महिने झाले होते. मला इथून घेऊन जा, असं मी माहेरी पत्रानं कळवलं होतं. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं उत्तर कॅसेटमध्ये बोलून पाठवलं.

नवऱ्याच्या वॉकमनवर लावली तर आई चिमणीसारखी चिवचिवायला लागली. एक शब्द कळेना. मी हेड कापसानं पुसलं, फीत पेन्सिलीनं गुंडाळून पाहिली, नवे सेल घातले. नव्या सेलवर ती आणखीच सुसाट! असा संताप आला, की वाटलं वॉकमन भिंतीवर आपटावा.

मग डोक्यात प्रकाश पडला. माहेरी सेल उन्हात वाळवून वाळवून वापरतात. तसल्या सेलवर टेप रडतखडत चालत असताना भरलेलं बोलणं इथं धावत सुटलं होतं. मी वॉकमनमधून काढलेले जुने सेल परत घातले आणि ते पार उतरेपर्यंत वॉकमन चालूच ठेवला. आणि आई आली, तिच्या खऱ्या आवाजात.

"काढ अजून सहा महिने," ती म्हणाली. "मंग बघू."

निदान तिथं तरी सेल संपावेत! पण नाही, ते कधी नव्हे इतके टिकले. पुढं लोणच्याला कैऱ्या किती आणल्या ते तिनं सांगितलं, आणि त्यातला शब्द न् शब्द मला नीट ऐकू आला.